मुक्त प्रवेश आणि अध्ययन-साहाय्य : न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजचा अनुभव (१९६५-१९९९)

प्रस्तावना :
प्रवेश मिळाल्याने विद्यार्थ्याला विद्यापीठीय लेखन, वाचन व युक्तिवादाची कौशल्ये आपोआप प्राप्त होत नाहीत. ती शिकविण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उच्च शिक्षणाच्या विस्ताराबरोबर तीव्र झाला. प्रस्तुत लेखात या दृष्टीने सिटी कॉलेजच्या अनुभवाचा परामर्श घेतला आहे.

पार्श्वभूमी :
१८४७ मध्ये स्थापन झालेल्या या महाविद्यालयात शिक्षण विनाशुल्क होते. मात्र शालेय गुणांची अट कडक होती. परिणामी हार्लेममध्ये असूनही तेथे कृष्णवर्णीय व पोर्तो रिकन विद्यार्थ्यांचे प्रमाण अत्यल्प राहिले. १९६५ मध्ये सुरू झालेल्या व पुढे 'सीक' या नावाने ओळखल्या गेलेल्या उपक्रमाद्वारे अशा विद्यार्थ्यांना आर्थिक साहाय्य, समुपदेशन व पूरक अध्यापन मिळू लागले. १९६९ च्या विद्यार्थी आंदोलनानंतर, १९७५ साठी योजिलेले मुक्त प्रवेशाचे धोरण शहर विद्यापीठाने १९७० मध्येच अमलात आणले.

शॉनेसी व ब्रफी यांचे कार्य :
नव्याने आलेल्या अनेक विद्यार्थ्यांचे लेखन पाहून प्राध्यापकवर्गातील काहींनी हे विद्यार्थी उच्च शिक्षणास अपात्र असल्याचा निष्कर्ष काढला. १९६७ मध्ये सिटी कॉलेजात आलेल्या मिना शॉनेसी यांनी हा निष्कर्ष तपासून पाहिला. १९७० ते १९७४ या काळातील सुमारे ४,००० प्रवेशकालीन निबंधांच्या आधारे त्यांनी 'एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स' (१९७७) हा ग्रंथ सिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या चुका आळसातून वा मंदबुद्धीतून उद्भवत नसून त्यांमागे विशिष्ट तर्क असतो. लेखनाचा सराव नसलेला विद्यार्थी स्वतःच नियम कल्पून लिहीत असतो, असे त्यांनी दाखविले. साहजिकच चूक मोजण्यापेक्षा तिचे कारण शोधणे हे शिक्षकाचे काम ठरले. याच विद्यापीठाच्या ब्रुकलिन कॉलेजमध्ये केनेथ ब्रफी यांना असे आढळले की, अधिकृत मदत टाळणारे विद्यार्थी सहाध्यायांकडून मात्र ती स्वीकारतात. त्यातून सहाध्यायी मार्गदर्शनाची पद्धती विकसित झाली.

उतरती कळा :
नगराच्या आर्थिक अरिष्टामुळे १९७६ मध्ये विनाशुल्क शिक्षणाची १२९ वर्षांची परंपरा खंडित झाली. १९७८ मध्ये शॉनेसी यांचे निधन झाले. पुढे १९९९ मध्ये चार वर्षांचे पदवी-अभ्यासक्रम चालविणाऱ्या महाविद्यालयांतून पूरक वर्ग वगळण्याचा निर्णय कायम झाला. हे वर्ग मुख्य अभ्यासक्रमाच्या कडेला राहिले होते. त्यामुळे दर्जाच्या नावाखाली ते वेगळे काढणे सुकर झाले.

समारोप :
प्रवेशाचे धोरण व अध्ययन-साहाय्य ही एकाच निर्णयाची दोन अंगे होत. दुसऱ्याची उपेक्षा झाली, की पहिले केवळ कागदावर उरते आणि अपयशाचा दोष विद्यार्थ्याच्या माथी येतो. अध्ययन-सल्लागाराचे कार्य विषय-शिक्षकाच्या कार्याशी जोडलेले असणे म्हणूनच अगत्याचे ठरते.