उरलेले १८,४०० रुपये आणि ‘टाटा’ची गोष्ट

 

२०१८ साली आमच्या गल्लीत एका ताईसाठी वर्गणी काढली होती. वय ४१, छातीत गाठ, आणि रिपोर्टवर ‘ट्रिपल निगेटिव्ह’. आपल्या वरणगावात अशा वेळी एकच वाक्य कानावर येतं, ‘तिले टाटाले नेलं.’ भुसावळहून रात्रीची गाडी, सकाळी दादर, तिथून परळ. फॅक्टरीतल्या लोकांनी दिले, केळीवाल्यांनी दिले, नवरात्र मंडळानं पावतीपुस्तकच आमच्या हातात ठेवलं. ताई वर्षभर झुंजली आणि गेली. हिशोब केला तर १८,४०० रुपये उरले होते. घरचे परत घेईनात.

मग पारावर बैठक. कुणी म्हणालं मंदिराच्या फरशीला द्या, कुणी म्हणालं अन्नदान करा. एक निवृत्त गुरुजी म्हणाले, या रोगाच्या संशोधनाला पाठवा. त्यावर मागून आवाज आला, ‘उंदरायले द्यायचे का पैसे?’ सगळे हसले. खोटं कशाला बोलू, मीही हसलो. पैसे पोस्टात पडले. (पतपेढीत का नाही, हे जळगाव जिल्ह्यातल्या माणसाला सांगायला नको.)

त्या हसण्याची टोचणी राहिली, म्हणून वाचत गेलो.

ज्या ‘टाटा’ला आपण पेशंट नेतो, ते उभं राहिलं एका नवऱ्याच्या दुःखातून. जमशेटजींचे थोरले चिरंजीव दोराबजी टाटा. त्यांच्या पत्नी मेहरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगानं गेल्या. बाईंच्या नावानं रुग्णालय किंवा पुतळा उभारता आला असता. दोराबजींनी १९३२ मध्ये लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट काढला, आणि तो रक्ताच्या कर्करोगावरच्या संशोधनासाठी. म्हणजे पैसा आधी गेला तो संशोधनाला! त्याच वर्षी दोराबजीही गेले. मेहरबाईंचा २४५ कॅरेटचा ज्युबिली हिरा त्यांच्या मागे विकला गेला, ते पैसेही टाटांच्या धर्मादाय कामाला गेले. परळचं रुग्णालय उघडलं २८ फेब्रुवारी १९४१ ला. पुढे ते सरकारकडे गेलं आणि १९६२ पासून अणुऊर्जा विभागाकडे आहे. कॅन्सरचं रुग्णालय अणुऊर्जेकडे कसं, हा प्रश्न मलाही पडला होता. रेडिएशनच्या उपचारांमुळे.

आता उंदरांचं. तिथे डॉ. वसंत खानोलकर नावाचे मोठे पॅथॉलॉजिस्ट होते. त्यांच्या हाताखाली पुण्याच्या कमल रणदिवे यांनी १९४९ मध्ये पीएच.डी. केली. मग अमेरिकेत शिकून परत आल्या आणि इथे पेशी काचेच्या भांड्यात वाढवण्याची प्रयोगशाळा उभी केली. स्तनाच्या कर्करोगात आनुवंशिकता, हार्मोन आणि विषाणू यांचा काय संबंध असतो, हे त्या वर्षानुवर्षं उंदरांवरच तपासत होत्या. १९८२ मध्ये पद्मभूषण मिळालं. आमच्या पारावर हे नाव एकालाही माहीत नव्हतं, पत्रकार म्हणवणाऱ्या मलाही नाही.

अमेरिकेतली एक गोष्ट थोडक्यात सांगतो. स्तनाच्या कर्करोगाचा ‘हर-टू’ नावाचा एक आक्रमक प्रकार आहे. लॉस एंजेलिसचे डॉ. डेनिस स्लेमन त्यावर औषध शोधत होते, पैशाची ओढाताण होती. पैसा आला लिपस्टिक विकणाऱ्या रेव्हलॉन कंपनीकडून. टीव्ही जगतातल्या लिली टार्टिकॉफ यांच्या नवऱ्याच्या कॅन्सरच्या उपचारात स्लेमन होते. ते लक्षात ठेवून या बाई कंपनीच्या मालकाच्या मागे लागल्या, सिनेमावाल्यांना गोळा करून निधीसाठी मोठमोठे सोहळे केले. १९९८ मध्ये औषध बाजारात आलं. आपल्याकडे मात्र त्याच्या पूर्ण कोर्सला लाखो रुपये लागायचे. देशी आवृत्ती आली ती २०१४ मध्ये.

पण आमच्या ताईला ते औषध चाललंच नसतं. ट्रिपल निगेटिव्ह म्हणजे गाठीवर दोन हार्मोनचे आणि हर-टूचा असे तिन्ही ‘दरवाजे’ नसतात, त्यामुळे त्या दरवाजातून आत जाणारी औषधं निकामी. तेव्हा उरायची ती मुख्यतः केमो. हा प्रकार कमी वयाच्या बायकांत जास्त दिसतो, आणि पाश्चात्य देशांपेक्षा आपल्याकडे त्याचं प्रमाणही जास्त आहे. म्हणजे त्याचं उत्तर शोधायची गरज आपल्याला अधिक.

टाटातल्या डॉक्टरांनी ते शोधलं. कार्बोप्लॅटिन हे १९८० च्या दशकापासूनचं जुनं, स्वस्त औषध. २०१० ते २०२० या काळात ट्रिपल निगेटिव्हच्या ७२० बायकांची चाचणी झाली. निम्म्यांना नेहमीची केमो, निम्म्यांना त्यासोबत कार्बोप्लॅटिन. डिसेंबर २०२२ मध्ये निकाल मांडला. ५० किंवा त्याहून कमी वयाच्या बायकांत पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण साधारण ६६ वरून ७७ टक्क्यांवर गेलं. त्यापुढच्या वयात फायदा दिसला नाही, तेही त्यांनी सांगून टाकलं. शंभरात अकरा बायका. आपल्या गावात मोजून बघा, अकरा घरं कुठपर्यंत जातात.

त्याच वर्षी दुसरा निकाल आला. डॉ. राजेंद्र बडवे यांच्या टीमनं ऑपरेशनच्या काही मिनिटं आधी गाठीभोवती भुलीचं साधं इंजेक्शन दिलं. दीड हजारावर बायका, देशातली ११ रुग्णालयं. वाचणाऱ्यांचं प्रमाण सुमारे ८६ वरून ९० टक्के झालं. खर्च शंभर रुपयांच्या आत.

माझा मुद्दा इथे आहे. शंभर रुपयांच्या इंजेक्शनवर, पेटंट संपलेल्या औषधावर कुठली कंपनी दहा वर्षं पैसा घालेल? विकून मिळणार काय? असल्या चाचण्या सरकारी पैशावर आणि देणग्यांवरच होतात. इंजेक्शनच्या चाचणीमागे अणुऊर्जा विभागाचा पैसा होता, म्हणजे तुमच्या-माझ्या कराचा. आपण बिलासाठी वर्गणी देतो, आणि ती द्यायलाच हवी, समोर माणूस असतो. पण पुढच्या ताईच्या औषधासाठी आपण आजवर एक पावतीसुद्धा फाडलेली नाही.

गुरुजी गेल्या वर्षी वारले. पोस्टातली रक्कम व्याज धरून २४ हजारांच्या घरात गेली आहे. पासबुकावर माझं आणि आणखी एकाचं नाव आहे, सही दोघांची लागते. देणगी फक्त स्तनाच्या कर्करोगाच्या संशोधनासाठी असं लिहून देता येईल का, हे परळला विचारणार आहे. रविवारी संध्याकाळी पारावर बसू. ज्यांनी तेव्हा पावती फाडली होती त्यांनी या, आणि मागून बोलणाऱ्यांनी तर नक्की या.