हिशोब जुळणाऱ्या कल्पना : विज्ञानकादंबरीतील अचूकतेचा इतिहास

मार्च १९४४. दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना 'अस्टाउंडिंग सायन्स फिक्शन' या अमेरिकन मासिकात क्लीव्ह कार्टमिल यांची 'डेडलाइन' ही कथा प्रसिद्ध झाली. कथा घडते परग्रहावर. तेथे 'सिक्सा' आणि 'सेइला' या दोन सत्तांमध्ये युद्ध पेटले आहे. (रोमन अक्षरे उलट्या क्रमाने वाचली की 'ॲक्सिस' आणि 'अलाइज' ही नावे निघतात, नामकरणावर लेखकाने फारसे कष्ट घेतलेले नाहीत.) शत्रूने एक बॉम्ब तयार केला आहे आणि नायकाला तो निकामी करायचा आहे. साहित्य म्हणून कथा सामान्यच. परंतु बॉम्बचे वर्णन सामान्य नव्हते. त्यात युरेनियम-२३५ होते, ते नैसर्गिक युरेनियमपासून वेगळे करण्याची चर्चा होती, आणि एकदा सुरू झालेला स्फोट आवरता येईल का, ही भीतीही होती.

त्याच वेळी न्यू मेक्सिकोतील लॉस अलामोस येथे, जगापासून दडवून, नेमका हाच बॉम्ब आकार घेत होता.

साहजिकच गुप्तचर अधिकारी मासिकाच्या दाराशी पोहोचले. संपादक जॉन कॅम्पबेल आणि लेखक कार्टमिल या दोघांचीही चौकशी झाली. फुटीर कोण, हा प्रश्न होता. उत्तर अधिकाऱ्यांना चक्रावून टाकणारे निघाले : फुटीर कोणीच नव्हता. युरेनियमच्या विखंडनाचा शोध १९३९ मध्ये उघडपणे प्रसिद्ध झाला होता. कॅम्पबेल भौतिकशास्त्र शिकलेले होते. युद्धापूर्वीच्या नियतकालिकांत जे छापून आले तेवढ्यावरून त्यांनी पुढचा तर्क केला आणि पत्रांतून तो कार्टमिल यांना पुरवला. कोणावरही खटला झाला नाही.

करमणुकीची कथा शास्त्रीयदृष्ट्या इतकी काटेकोर असावी, हा हट्ट आला कोठून? त्यासाठी ७९ वर्षे मागे जावे लागते.

१८६५ मध्ये ज्यूल व्हर्न यांची पृथ्वीवरून चंद्रावर जाण्याची कादंबरी पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाली. चंद्रप्रवासाच्या कथा त्यापूर्वीही होत्या; पण त्यांतील प्रवासी स्वप्नात, पक्ष्यांच्या पाठीवर किंवा वादळात सापडून चंद्रावर पोहोचत. व्हर्न यांचे प्रवासी आधी पत्र पाठवतात. बाल्टिमोरचा गन क्लब मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज वेधशाळेला विचारतो की तोफगोळा चंद्रापर्यंत जाईल का, वेग किती लागेल, तोफ कोठे रोवावी. वेधशाळेचे उत्तर कादंबरीत आकड्यांसह येते. प्रारंभीचा वेग सेकंदाला १२,००० यार्ड, म्हणजे सुमारे ११ किलोमीटर. पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणातून सुटण्यासाठी लागणारा वेग आजच्या हिशोबाने सेकंदाला ११.२ किलोमीटर आहे. व्हर्न यांचे नातेवाईक आंरी गार्से हे गणिताचे अध्यापक होते आणि आकडेमोडीत त्यांची मदत झाली होती.

तोफेची जागाही हिशोबातूनच ठरते. चंद्र थेट डोक्यावर यायचा तर २८ अंश अक्षांशाच्या आतला प्रदेश हवा, म्हणून फ्लोरिडातील टँपा. १०४ वर्षांनी अपोलो-११ चे उड्डाण याच राज्यातून, टँपापासून सुमारे २०० किलोमीटरवरून झाले. यास भविष्यवाणी म्हणण्याची प्रथा पडली आहे, ती थोडी उतावीळ आहे. अमेरिकेने तो किनारा निवडला तो पृथ्वीच्या परिवलनाचा लाभ मिळावा आणि पूर्वेला मोकळा समुद्र असावा म्हणून. कारणे वेगळी होती. दोघांनाही अमेरिकेचे दक्षिण टोक सोयीचे वाटले, इतकेच.

आणि तरीही व्हर्न यांची तोफ साफ चुकलेली होती. तोफेची लांबी ९०० फूट, म्हणजे सुमारे २७४ मीटर. एवढ्या अंतरात गोळ्याने शून्यापासून सेकंदाला ११ किलोमीटरपर्यंत वेग घ्यायचा. सरासरी वेग साडेपाच किलोमीटर धरला तर नळीतला प्रवास सेकंदाच्या विसाव्या भागात संपतो. म्हणजे आतल्या तिघा प्रवाशांवर पडणारा भार त्यांच्या वजनाच्या २२,००० पटींहून अधिक! व्हर्न यांनी धक्का शोषण्यासाठी गोळ्याच्या तळाशी पाण्याचा थर ठेवला आहे. त्या भारापुढे तो थर काय टिकणार?

हा हिशोब शाळकरी मुलालाही करता येतो, आणि तो एका मुलाने केलाच. ट्रान्सिल्व्हेनियात वाढलेल्या हेरमान ओबर्थ याने ही कादंबरी वयाच्या अकराव्या वर्षाच्या सुमारास वाचली आणि जवळजवळ पाठ होईपर्यंत पुनःपुन्हा वाचली. वेगाचा आकडा बरोबर आहे, हे त्याने पडताळून पाहिले. प्रवासी जिवंत राहणार नाहीत, हेही त्याला कळले. मग तोफेऐवजी काय? वेग हळूहळू वाढवणारे साधन हवे, म्हणजे अग्निबाण. १९२२ मध्ये याच विषयावरचा ओबर्थ यांचा प्रबंध नाकारला गेला, तेव्हा त्यांनी १९२३ मध्ये तो पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. रशियातील कालुगा गावात शिक्षकी करणारे, बालपणीच श्रवणशक्ती गमावलेले कोन्स्तांतिन त्सिओल्कोव्स्की यांनीही आपल्या विचारांचे बीज व्हर्न यांच्यात असल्याचे मान्य केले होते. अग्निबाणाच्या गतीचे समीकरण त्यांनी १९०३ मध्ये प्रसिद्ध केले. कादंबरी पूर्ण बरोबर असती तर कदाचित एवढे घडले नसते. तिचे आकडे तपासण्याजोगे होते, म्हणूनच तिची चूक सापडली.

मराठी वाचकाला ही तोफ तशी लवकर भेटली. कोचीहून निघणाऱ्या 'केरळ कोकिळ' मासिकात १९०० च्या सुमारास 'चंद्रलोकाची सफर' या नावाने या कादंबरीचे भाषांतर क्रमशः येत होते. मराठीतील विज्ञानकथेचा आरंभ अनेक अभ्यासक तेथूनच मानतात.

१९०१ मध्ये इंग्लंडच्या एच. जी. वेल्स यांनीही चंद्रप्रवासाची कादंबरी लिहिली, पण वाहन निराळे. गुरुत्वाकर्षण अडवणारा 'कॅव्होराइट' नावाचा पदार्थ त्यांनी सरळ कल्पून घेतला. व्हर्न संतापले. आपण भौतिकशास्त्र वापरतो, हे गृहस्थ मनाला येईल ते निर्माण करतात, अशी त्यांची तक्रार होती. तक्रार रास्त होती. मात्र इतिहासाने पुढे वेगळाच डाव टाकला. वेल्स यांनी रेडियमवरील फ्रेडरिक सॉडी यांचे पुस्तक वाचले आणि १९१४ मध्ये 'द वर्ल्ड सेट फ्री' ही कादंबरी लिहून सॉडी यांच्या त्या ग्रंथाला अर्पण केली. तीत विमानांतून शहरांवर अणुबॉम्ब टाकले जातात. अणूतील ऊर्जा मोकळी करण्याची युक्ती कादंबरीतील शास्त्रज्ञाला सापडते ती १९३३ मध्ये.

हंगेरियन भौतिकशास्त्रज्ञ लिओ सिलार्ड यांनी हे पुस्तक १९३२ मध्ये वाचले. १९३३ च्या सप्टेंबरात, नाझी जर्मनी सोडून लंडनला आलेले असताना, अणूपासून ऊर्जा मिळवण्याच्या गप्पा निरर्थक आहेत हे रदरफर्ड यांचे मत त्यांच्या वाचनात आले. त्या विचारातच साउथॅम्प्टन रोवर रस्ता ओलांडताना त्यांना साखळी प्रक्रियेची कल्पना सुचली. एक न्यूट्रॉन आत जावा आणि दोन बाहेर पडावेत. पुढच्याच वर्षी त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि १९३६ मध्ये ते गुप्त राहावे म्हणून ब्रिटिश नौदल खात्याच्या स्वाधीन केले. याचा परिणाम काय होईल हे आपल्याला वेल्स यांच्यामुळे ठाऊक होते, असे त्यांनी पुढे नमूद केले आहे. कार्टमिल यांच्या दारी आलेल्या अधिकाऱ्यांना हे माहीत असते, तर त्यांनी कदाचित वेल्स यांचेही दार ठोठावले असते.

युद्धानंतर या हट्टाला खेळाचे रूप आले. हॅल क्लेमंट या टोपणनावाने लिहिणारे हॅरी स्टब्ज युद्धात बॉम्बफेकी विमानाचे वैमानिक होते आणि नंतर शाळेत विज्ञान शिकवत. त्यांच्या 'मिशन ऑफ ग्रॅव्हिटी' (१९५३) मधील मेस्क्लिन हा ग्रह इतका वेगाने फिरतो की त्याचा दिवस सुमारे अठरा मिनिटांचा आहे. त्यामुळे तो चपटा झाला आहे; विषुववृत्तावर वजन पृथ्वीच्या तिप्पट, तर ध्रुवांवर सुमारे ७०० पट. ग्रह कसा रचला हे क्लेमंट यांनी त्याच मासिकात स्वतंत्र लेखात सांगितले. लेखक एकही चूक होऊ देणार नाही आणि वाचक ती शोधल्याशिवाय राहणार नाही, असा तो सामना होता. लॅरी निव्हेन यांना त्याचा प्रसाद चांगलाच मिळाला. त्यांच्या 'रिंगवर्ल्ड' (१९७०) मध्ये सूर्याभोवती प्रचंड कडे आहे. असे कडे स्थिर राहूच शकत नाही, जराशा धक्क्याने ते सूर्यावर आदळेल, हे एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी १९७१ च्या संमेलनात घोषणा देत ऐकवले. निव्हेन यांनी १९८० मध्ये दुसरी कादंबरी लिहून कड्याला तोल सावरणारी इंजिने बसवली.

विज्ञानाकडून साहित्याकडे येणारी वाटही याच काळात रुंदावली. केंब्रिजचे खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांनी 'द ब्लॅक क्लाउड' (१९५७) लिहिली. सूर्यमालेकडे सरकणारा वायूचा मेघ कधी पोहोचेल, याचे गणित त्यांनी कादंबरीतच समीकरणांसह मांडले. त्याच वर्षी एक भारतीय विद्यार्थी केंब्रिजला दाखल झाला आणि पुढे हॉइल यांच्याच मार्गदर्शनाखाली त्याने डॉक्टरेट मिळवली. तो जयंत नारळीकर.

१९७२ मध्ये नारळीकर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. दोन वर्षांनी मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा दाखल झाली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. खरे नाव पाहून परीक्षकांनी झुकते माप देऊ नये, म्हणून नारळीकरांनी आपलीच आद्याक्षरे उलट्या क्रमाने लावून हे नाव तयार केले होते. हस्ताक्षर ओळखले जाऊ नये म्हणून हस्तलिखिताची प्रत गणितज्ञ पत्नी मंगला नारळीकर यांनी लिहून काढली. जगतापांच्या कथेला पहिले पारितोषिक मिळाले.