मनमाडचा गँगमन आणि भेदभावाचे गणित

नोकरीतला जातिभेद मोजण्याच्या पद्धतीचे मूळ महाराष्ट्रात शोधायचे, तर मनमाड जंक्शनपर्यंत मागे जावे लागते. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी येथे जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे मांडलेले सूत्र प्रसिद्ध आहे. त्याच भाषणातला नोकऱ्यांचा हिशेब मात्र फारसा कोणी काढत नाही. अस्पृश्य माणूस रेल्वेत गँगमन म्हणून लागतो आणि बढतीविना तिथेच राहतो. त्याला पोर्टरसुद्धा करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामे करावी लागतात आणि तिथे विटाळ आडवा येतो. हमालीला कोणती पदवी लागते? म्हणजे प्रश्न पात्रतेचा नव्हताच.

पुढे सांख्यिकीलाही हीच गाठ सोडवावी लागली. नुसती डोकी मोजून भागत नाही. वरच्या जागांवर दलित कमी दिसले की ‘शिक्षणच कमी’ हे उत्तर तयार असते. १९७३ मध्ये ओहाका आणि ब्लाइंडर या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी वेतनातील तफावतीचे दोन भाग पाडले: शिक्षण-अनुभवाने उलगडणारा एक आणि त्याने न उलगडणारा दुसरा. पण या उरलेल्या भागात भेदभावाखेरीज मोजायचे राहून गेलेले बरेच काही असू शकते.

ही पळवाट प्रयोगाने बुजवली. मूळचे अमरावती जिल्ह्यातले अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात आणि न्यूयॉर्कचे पॉल अ‍ॅटवेल यांनी वर्तमानपत्रांतील खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. पात्रता तोलामोलाची, फरक नावाचा: कुठे सवर्ण, कुठे दलित, कुठे मुस्लिम. पुढचे बोलावणे येणे आणि न येणे यांचे गुणोत्तर सवर्ण नावासाठी १ धरले, तर प्रतिमानात ते दलित नावासाठी ०.६७ आणि मुस्लिम नावासाठी ०.३३ भरले. निष्कर्ष ऑक्टोबर २००७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त छापून आले. अर्जदार काल्पनिक असल्याने ‘मुलाखतीत कमी पडला’ म्हणायलाही जागा उरली नाही.

मात्र हे माप पहिल्या पायरीपुरतेच आहे. गँगमनची अडलेली बढती अशा अर्जांनी मोजता येत नाही; त्यासाठी कामगारांच्या सेवानोंदीच उघडाव्या लागतात.