मायबापांची माया आणि मायबापांचा कोप

(डोळखांब, ता. शहापूर इथं झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



आजचा विषय एका गायकाचा आहे असं फळ्यावर लिहिलंय. पण मला बोलायचंय ते गायकाबद्दल कमी आणि ऐकणाऱ्यांबद्दल, म्हणजे तुमच्या-माझ्याबद्दल जास्त. एखाद्या कलावंताला आपण डोक्यावर घेतो. त्याचं गाणं आपल्या लग्नात, वरातीत, यात्रेत, मोबाईलवर वाजतं. आणि मग एक दिवस तो काहीतरी करतो, कुणाशी लग्न करतो, काही बोलून जातो, आणि आपणच म्हणतो, 'आमच्यासाठी हा मेला.' हे आजचंच आहे असं आपल्याला वाटतं. सोशल मीडिया आला आणि लोक बिघडले, असं आपण म्हणतो. मला आज दाखवायचंय की हे ऐंशी-पंचाऐंशी वर्षांपूर्वी, मोबाईल सोडा, रेडिओसुद्धा घरोघर नव्हता तेव्हा, महाराष्ट्रात घडून गेलंय. आणि तेव्हा जे घडलं त्यात एका बाईवर जो ठपका बसला, तो अजून पुरता पुसलेला नाही.

तो गायक म्हणजे बालगंधर्व. नारायण श्रीपाद राजहंस. जन्म २६ जून १८८८, सांगलीकडच्या नागठाण्याचा. लहानपणी पुण्यात गाणं झालं, ते लोकमान्य टिळकांनी ऐकलं आणि 'हा तर बालगंधर्व' असं ते म्हणाले, अशी हकीकत सांगितली जाते. १९०५ साली हा मुलगा किर्लोस्कर नाटक मंडळीत गेला. पुढं १९१३ साली गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्याबरोबर गंधर्व नाटक मंडळी काढली.

आता तरुण मंडळींना एक सांगायला हवं. बालगंधर्व स्त्री-भूमिका करायचे. त्या काळी मराठी संगीत रंगभूमीवर नायिकेचं काम पुरुष करायचा. आपल्याकडं यात्रेत तंबू लागतात, त्यामुळं नाच्या आपल्याला ठाऊक असतो. पण तमाशातला नाच्या हसवायला असतो. बालगंधर्वांची भामिनी, रुक्मिणी, सिंधू ही हसवायला नव्हती. 'स्वयंवर' १९१६चं, 'एकच प्याला' १९१९चं. घरंदाज बाईनं कसं चालावं, पदर कसा घ्यावा, केसात फूल कुठं माळावं, हे त्या काळच्या शहरातल्या बायका या पुरुषाकडं बघून शिकत होत्या. बाई कशी असावी याचा नमुना एका पुरुषानं घालून दिला आणि बायकांनी तो उचलला. लोकप्रियता म्हणतात ती याला.

या भक्तीची एक गोष्ट तर सगळ्यांना माहीत असते. १२ मार्च १९११. मुंबईत 'मानापमान'चा पहिला प्रयोग. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी गेली. प्रयोग पुढं ढकलू असं मंडळी म्हणाली, पण ते उभे राहिले आणि भामिनी झाले. ही गोष्ट आपण शंभर वर्षं कौतुकानं सांगतो. त्यागाची गोष्ट म्हणून सांगतो. पण जरा दुसऱ्या बाजूनं बघा. घरात मूल गेलेलं असताना माणूस रंगभूमीवर उभा राहतो, आणि ऐकणाऱ्यांना ते योग्य वाटतं. म्हणजे त्याच्या दुःखावरही पहिला हक्क कुणाचा? तिकीट काढून बसलेल्यांचा.

आणि हा हक्क खुद्द बालगंधर्वांनीच मान्य केलेला होता. प्रेक्षकांना ते 'मायबाप' म्हणत, 'अन्नदाते' म्हणत. हा शब्द नीट लक्षात ठेवा, कारण आजचं सगळं व्याख्यान या एका शब्दावर उभं आहे.

मायबापांनी मुलाला काय दिलं नाही? ८ जुलै १९२१ला मुंबईत 'संयुक्त मानापमान' झालं. केशवराव भोसले धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. टिळक स्वराज्य फंडासाठी. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे दोन राजे एका रंगमंचावर, त्यामुळं तिकिटासाठी झुंबड. याच प्रेक्षकांच्या पैशावर कंपनीत भारी शालू आले, अत्तरं आली, उत्तमातले उत्तम साथीदार आले. सारंगीवर कादरबक्ष, तबल्यावर अहमदजान थिरकवा. ही दोन नावंही लक्षात ठेवा, मी त्यांच्याकडं परत येणार आहे.

पण पैसा येत होता तसाच जात होता. हिशोब ठेवणं हा बालगंधर्वांचा पिंड नव्हता. भागीदार एकेक करून बाजूला झाले. एकट्याच्या मालकीत कंपनीवर मोठं कर्ज झालं. हे सगळं १९२०च्या आसपासचं आहे. सालाकडं लक्ष द्या.

मग काळ बदलला. १४ मार्च १९३१ला 'आलम आरा' आला, बोलपट सुरू झाला. १९३२ला 'अयोध्येचा राजा' मराठीत आला, त्यात राणीचं काम दुर्गाबाई खोट्यांनी केलं. १९३३ला नाट्यमन्वंतरचं 'आंधळ्यांची शाळा' आलं, त्यात बायकांची कामं बायकांनीच केली. हिराबाई बडोदेकर तर त्याआधीच रंगभूमीवर उतरल्या होत्या. आता विचार करा, पन्नाशीकडं झुकलेला, अंगानं सुटलेला पुरुष नायिका म्हणून उभा आहे आणि दुसरीकडं खऱ्या बायका गातायत. प्रेक्षक कुठं जाणार? बालगंधर्वांना हे कळत होतं. ते सिनेमात गेले. १९३५ला प्रभातच्या 'धर्मात्मा'त त्यांनी एकनाथांचं काम केलं. मग १९३७च्या चित्रपटात पुन्हा स्त्री होऊन मीराबाई केली. पडद्यावर ते जमलं नाही. रंगमंचावर दहाव्या रांगेतून जी बाई दिसते ती कॅमेऱ्याला दिसत नाही. ते नाटकाकडं परत आले.

इथपर्यंत गोहरबाई या गोष्टीत कुठंही नाहीत. हे मी मुद्दाम सांगतोय.

गोहरबाई कर्नाटकी. विजापूरकडच्या. कोलकात्याच्या गौहर जान वेगळ्या, गल्लत करू नका. यांची बहीण अमीरबाई कर्नाटकी, १९४३च्या 'किस्मत' चित्रपटामुळं देशभर गाजलेली. गोहरबाईंनी बालगंधर्वांच्या तबकड्या ऐकून ऐकून ती गायकी गळ्यात बसवली होती. म्हणजे आपल्या भाषेत बोलायचं तर त्या पक्क्या फॅन होत्या. १९३८च्या सुमारास त्या गंधर्व मंडळीत आल्या. हळूहळू नायिकेची कामं त्या करू लागल्या आणि बालगंधर्व पुरुष-भूमिकेत गेले. आणि दोघं एकत्र राहू लागले.

आणि मायबाप खवळले.

घरचे दुरावले, कंपनीतली जुनी माणसं दुरावली. ज्या घरांत देवाच्या तसबिरीशेजारी त्यांचा फोटो होता, त्या घरांत नाव काढायची चोरी झाली. बाईनं नादी लावलं, बाईनं लुबाडलं, बाईनं कंपनी बुडवली. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकलंय. अगदी गाण्यातल्या जाणत्या माणसांकडून ऐकलंय.

इतिहासाच्या विद्यार्थ्यानं अशा वेळी एकच करायचं असतं. साल बघायचं. कर्ज कधीचं? १९२०च्या आसपासचं. बोलपट कधी आला? १९३१ला. बायका रंगभूमीवर कधी आल्या? त्याच सुमारास. बाई कंपनीत कधी आल्या? १९३८ला. मग जी बाई सगळ्यात शेवटी आली, तिनं आधीच बुडत असलेलं जहाज बुडवलं कसं? लुबाडायला शिल्लक होतं काय? वय, बोलपट आणि बेहिशोबीपणा या तिघांनी मिळून जे केलं, त्याचा दोष एका माणसावर टाकायचा होता. वयावर खटला भरता येत नाही. आपणच सिनेमाला गेलो होतो, हे कबूल करवत नाही. बाई सोपी पडली.

कुणी म्हणेल, ती मुसलमान होती म्हणून. हे आहेच, नाकारायचं कारण नाही. पण तेवढंच असतं तर मघाची दोन नावं आठवा. कादरबक्ष आणि थिरकवा. रुक्मिणी गायची तेव्हा सारंगी मुसलमानाची होती, तबला मुसलमानाचा होता, आणि प्रेक्षक मान डोलावत होते. मग अडलं कुठं? साथीला चाललं, संसाराला चाललं नाही. जाजमावर बसलेलं चाललं, नायिकेच्या जागी उभं राहिलेलं चाललं नाही. एकट्या धर्मानं हे उलगडत नाही आणि एकट्या बाईपणानंही नाही. दोन्ही एकत्र आलं आणि वर ती बाई आपल्या लाडक्याच्या घरात शिरली.

आता तो 'मायबाप' शब्द आठवा. आपल्याकडं मुलानं जातीबाहेर, धर्माबाहेर लग्न केलं की आईबाप काय करतात? दार बंद करतात. आणि दोष मुलाला देत नाहीत हां. 'आमचा पोरगा गरीब हो, त्या पोरीनं फशी पाडलं.' मराठी प्रेक्षक बालगंधर्वांशी शब्दशः असाच वागला. जी माया होती तीच कोप झाली.

आणि हे फक्त आपलंच आहे असंही नाही. १९६६ साली बीटल्सच्या जॉन लेननचं एक वाक्य अमेरिकेत छापून आलं, की आम्ही येशूपेक्षा लोकप्रिय झालोय. दक्षिणेकडच्या राज्यांत पोरांनी बीटल्सच्या तबकड्या होळीत टाकल्या. आता तबकडी जाळायची तर आधी ती विकत घेतलेली असावी लागते. ज्याला गाणं आवडलंच नाही त्याच्याकडं जाळायला काही नसतं. तिथं लेननना माफी मागता आली, पोरं पुन्हा दुकानात गेली. बालगंधर्वांनी माफी कशाची मागायची? एका माणसाबरोबर राहण्याची?

पुढं त्यांचे पाय निकामी झाले. बसून भजनं म्हणायचे. १९५५ला संगीत नाटक अकादमीचा सन्मान मिळाला, १९६४ला पद्मभूषण मिळालं. सरकारनं मान दिला. पण पांगळ्या माणसाचं रोजचं करायला कोण होतं? ज्यांनी लुबाडलं म्हणतात, त्याच गोहरबाई. १९६४लाच त्या गेल्या. १५ जुलै १९६७ला बालगंधर्व गेले. वर्षभरात, १९६८ला पुण्यात त्यांच्या नावाचं रंगमंदिर उघडलं. मायबापांचा राग असा मुलगा गेल्यावर शांत होतो. सुनेवरचा मात्र होत नाही. तिच्या नावाचं काय आहे, हे तुम्हीच शोधा.

गोहरबाई संत होत्या असं माझं म्हणणं नाही. कंपनी चालवताना त्यांचं कुणाशी पटलं नसेल, काही चुकलंही असेल. चुका करायचा हक्क त्यांनाही होता, बालगंधर्वांना होता तेवढाच. माझं म्हणणं एवढंच आहे की हिशोबाच्या वहीत जे १९२० सालच्या पानावर लिहिलंय ते १९३८च्या खात्यावर टाकू नका.

इथं बसलेल्या पोरांना शेवटी एक सांगतो. कुणाचे फॅन व्हा, जरूर व्हा. यात्रेत नाचा, गाणी पाठ करा. उद्या तो कलावंत खोटं बोलला, कुणाला लुबाडलं, कुणावर हात टाकला, तर राग धरा, धरायलाच हवा. पण त्यानं घर कुणाशी मांडलं यावर तुमचं रक्त उसळलं, तर क्षणभर थांबून स्वतःला विचारा, मी या माणसाचा श्रोता आहे की मालक? तिकिटाच्या पैशात गाणं मिळतं. गाणाऱ्याचं घर त्यात येत नाही.

एवढं बोलून थांबतो. तुमचे प्रश्न असतील ते आता घेऊ.