पियानोवर बसलेला क्री कथेकरी

कॅनडा सरकारने कायदा करून १८८५ पासून पश्चिम किनाऱ्यावरील आदिवासींचा ‘पॉटलॅच’ हा दानसोहळा गुन्हा ठरवला. १८९५ मध्ये तेच कलम रुंदावून मैदानी भागातील क्री आदी जमातींचे अनेक धार्मिक नाच त्यात ओढले. १९५१ साली ही बंदी कायद्यातून गळाली. मी सरकारी नोकर. एखादे कलम काढून टाकायला किती थोडी शाई लागते ते मला ठाऊक आहे. आणि तोवर माणसांच्या किती पिढ्या जातात, तेही.

त्याच १९५१ च्या डिसेंबरात मॅनिटोबाच्या उत्तर टोकाला, बर्फातल्या एका तंबूत टॉमसन हायवे यांचा जन्म झाला. बारा भावंडांतले ते अकरावे. वडील कॅरिबूची शिकार करत आणि कुत्र्यांच्या गाडीच्या शर्यती जिंकत. मुलगा सहा वर्षांचा झाला आणि दूरच्या कॅथलिक निवासी शाळेत गेला. या शाळांतून मुलांची मातृभाषा मोडून काढणे हे धोरणच होते. सुमारे दीड लाख मुले अशा शाळांतून गेली. सरकारने जाहीर माफी मागितली ती २००८ साली.

पण हायवे पियानो शिकले तेही त्याच शाळेत! तिथली वर्षे आपल्याला आनंदाची गेली असे ते पुढे जाहीरपणे म्हणाले, तेव्हा त्या शाळांत होरपळलेले अनेकजण दुखावले. मात्र १९९८ च्या ‘किस ऑफ द फर क्वीन’ या त्यांच्याच कादंबरीत शाळेतल्या पाद्र्याने दोन भावांवर केलेले अत्याचार आहेत. मला वाटते, यातले एक खरे धरून दुसरे खोडायची घाई आपण करू नये.

त्यांचे कार्यक्रम मी चित्रफितींवर पाहिले आहेत. स्वतः पियानोवर, मध्येच गोष्ट, मग पुन्हा सूर. पॅट्रिशिया कानो ही पेरू वंशाची गायिका त्यांची गाणी क्री, फ्रेंच आणि इंग्रजीत म्हणते. आपल्याकडचा कीर्तनकार पूर्वरंग सोडून मध्येच मिश्कील आख्यान लावतो, तशीच काहीशी जात. फक्त इथे पेटीच्या जागी पियानो, आणि सूर कधी साम्बाचे!

त्यांच्या गोष्टींत वीसागीचाक हा खोडकर देव फिरतो. क्री भाषेत ‘तो’ आणि ‘ती’ असा भेदच नाही; सजीव आणि निर्जीव एवढाच. म्हणून ओजिब्वे लोक ज्याला नानाबुश म्हणतात तो हाच खोडकर ‘द रेझ सिस्टर्स’ (१९८६) या नाटकात पुरुषरूपात येतो, तर तीन वर्षांनी आलेल्या जोडनाटकात स्त्रीरूपात. तो, ती, ते यांत अडकलेल्या आम्हा मराठी माणसांना हे समजायला दोनदा वाचावे लागते. क्री ही हसणारी भाषा आहे, इंग्रजीत आपण इतके हसू शकत नाही, असे हायवे वारंवार सांगतात. जी भाषा बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा होत असे, तिच्यात आज भरल्या सभागृहाला हसवणे याचे मोल मला त्यांच्या सगळ्या पारितोषिकांहून जास्त वाटते.

लिपीचीही एक गंमत आहे. जेम्स इव्हान्स या मिशनऱ्याने १८४० साली नॉर्वे हाऊस येथे क्रीसाठी जी अक्षरे छापली, त्यांच्यावर देवनागरीची छाया आहे असे अनेक अभ्यासक मानतात. पहिली पाने भूर्जाच्या सालीवर निघाली. क्री परंपरा मात्र म्हणते, ही लिपी आपल्याच एका पूर्वजाला परलोकातून मिळाली. हायवे यांनी ‘द रेझ सिस्टर्स’ची क्री आवृत्ती २०१० साली काढली, ती रोमी लिपीत! आमच्या गोव्यात यावरून सहज एक परिसंवाद पेटला असता.