नावे ठेवण्याचे वय

जानेवारी २००७ मध्ये 'इंडियन पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात एक छोटासा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. व्ही. वाय. क्षीरसागर, राजीव अग्रवाल आणि संदीप बावडेकर या महाराष्ट्रातील बालरोगतज्ज्ञांनी तीन शाळांतील ८ ते १२ वर्षे वयाच्या ५०० मुलांशी आणि त्यांच्या पालकांशी बोलून तो लिहिला होता. १५७ मुलांनी, म्हणजे ३१.४ टक्के मुलांनी, शाळेत आपल्याला त्रास दिला जातो असे सांगितले. शारीरिक इजा त्यांपैकी २५ जणांच्या वाट्याला आली होती. सर्वांत अधिक आढळले ते चिडवणे आणि नावे ठेवणे. निबंध इंग्रजीत होता; तरीही 'नावे ठेवणे' हा मराठी वाक्प्रचार शब्दशः भाषांतरित होऊन त्यात जाऊन बसला होता. शाळेच्या पटांगणावरची भाषा अशी थेट वैद्यकीय नोंदीत उतरली.

त्या निबंधातील दुसरी नोंद अधिक अस्वस्थ करणारी होती. ज्यांना त्रास दिला जात होता त्या मुलांत उदास राहणे, एकटे बसणे, शाळेची भीती, उलट्या आणि झोपेच्या तक्रारी अधिक दिसल्या. पालकांपैकी मात्र जेमतेम एक चतुर्थांश जणांना आपल्या मुलाशी असे काही घडते याची कल्पना होती. मूल शरीराने तक्रार करत होते आणि घर त्या तक्रारीचे कारण अन्यत्र शोधत होते.

नावे ठेवली जातात ती कशावरून? युनेस्कोने २०१९ मध्ये अनेक देशांतील सर्वेक्षणे एकत्र करून जो अहवाल काढला, त्यात छळाचे कारण म्हणून विद्यार्थ्यांनी सर्वाधिक वेळा बाह्यरूप सांगितले. रंग, उंची, वजन, चष्मा, दात. यात भारतीय वाचकाला नवल वाटणार नाही. जाड्या-रड्या आणि मोटू-पतलू ही नावे आपल्याकडे हसण्यासाठीच रूढ झाली. प्रश्न हा की, हे हसणे आणि मुलाच्या मनातील स्वतःच्या शरीराचे चित्र यांचा संबंध विज्ञानाला केव्हा दिसला? त्याचे उत्तर म्हणजे एका उशिराचा इतिहास आहे. हे शास्त्र प्रौढांपासून सुरू झाले आणि वयाच्या पायऱ्या एकेक करून खाली उतरत मुलांपर्यंत पोहोचले.

पहिली पायरी तरुण स्त्रियांची. १८७३ च्या सुमारास लंडनमध्ये विल्यम गल आणि पॅरिसमध्ये शार्ल लासेग यांनी, अन्न नाकारून खंगत जाणाऱ्या तरुणींची वर्णने स्वतंत्रपणे प्रसिद्ध केली. 'अॅनोरेक्झिया नर्व्होसा' हे नाव गल यांचे. या वर्णनांत उपास होता, कृशता होती. पण स्वतःच्या शरीराविषयीची प्रतिमा हा विषय नव्हता. तो मांडला व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ पॉल शिल्डर यांनी. १९३५ च्या ग्रंथात त्यांनी म्हटले की, प्रत्येकाच्या मनात स्वतःच्या देहाचे एक चित्र असते आणि ते इतरांच्या नजरेच्या सहवासात घडते. १९६२ मध्ये हिल्डे ब्रुख यांनी हे दोन धागे जोडले: अॅनोरेक्झियाच्या मुळाशी देहप्रतिमेची विकृती आहे, हा विचार त्यांच्यामुळे रुजला.

मुलांच्या नजरेचा अभ्यास याच सुमारास, पण वेगळ्या वाटेने सुरू झाला. १९४० च्या दशकात अमेरिकेत केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने ३ ते ७ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांसमोर गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या ठेवल्या. बहुसंख्य मुलांनी गोरी बाहुली 'चांगली' ठरवली. शाळांतील वर्णविभाजन घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४ च्या निकालात या संशोधनाचा आधार घेतला गेला. १९६१ मध्ये स्टीफन रिचर्डसन आणि सहकाऱ्यांनी १० – ११ वर्षांच्या मुलांना सहा चित्रे दाखवली. एका चित्रातील मूल धडधाकट होते, इतरांत कुबड्या, चाकाची खुर्ची, नसलेला हात, चेहऱ्यावरील व्यंग आणि स्थूलता होती. कोण अधिक आवडते, असा क्रम लावायचा होता. स्थूल मूल शेवटच्या क्रमांकावर गेले. चाळीस वर्षांनी हाच प्रयोग पुन्हा झाला आणि २००३ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा ही नावड कमी होण्याऐवजी वाढलेली आढळली.

छळाचे शास्त्र तिसऱ्याच ठिकाणी जन्मले. १९६९ मध्ये स्वीडनमधील डॉक्टर पेटर-पाउल हाइनेमान यांनी शाळकरी मुलांच्या झुंडीने एकट्या मुलावर तुटून पडण्याविषयी लिहिले. त्यासाठी 'मॉबिंग' हा शब्द त्यांनी प्राणिवर्तनाच्या शास्त्रातून, कॉनराड लॉरेन्झ यांच्या लिखाणातून घेतला. त्यांच्या या चिंतेमागे घरचा अनुभव होता: त्यांचा दत्तक मुलगा कृष्णवर्णीय होता. म्हणजे या शास्त्राच्या आरंभीच कातडीचा रंग उभा होता.

ही चर्चा पद्धतशीर केली डॅन ओल्व्हेयस यांनी. त्यांचे स्वीडिश पुस्तक १९७३ मध्ये आले. वारंवारता, हेतू आणि बळातील विषमता या तीन कसोट्यांवर त्यांनी छळ आणि साधे भांडण यांत फरक केला. १९८२ च्या अखेरीस नॉर्वेत छळामुळे तीन मुलांनी जीव दिल्याचे वृत्त आले आणि १९८३ मध्ये त्या देशाने शाळांसाठी राष्ट्रीय मोहीम हाती घेतली. बर्गेन येथील ४२ शाळांत सुमारे २,५०० मुलांवर झालेल्या पाहणीत दोन वर्षांत छळाचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. छळ हा बालपणाचा अटळ भाग नाही, हे प्रथमच आकड्यांनी दाखवले गेले.

ओल्व्हेयस यांचा एक निष्कर्ष आजही थबकून वाचावा असा आहे. चष्मा, लाल केस, जाडी, वेगळी बोली यांमुळे मुलांचा छळ होतो, ही समजूत त्यांनी तपासली. ज्यांचा छळ होत होता त्या मुलांत अशी 'वैगुण्ये' सापडली खरी. पण ज्यांना कोणीही त्रास देत नव्हते त्यांच्यातही ती जवळपास तेवढीच सापडली. फरक होता तो शारीरिक बळाचा आणि एकटेपणाचा. रूप हे निमित्त होते. दुर्बळ दिसणारे मूल आधी निवडले जाई, नाव नंतर शोधले जाई. पुढच्या संशोधनाने यात एक महत्त्वाची दुरुस्ती केली: स्थूल मुलांचा छळ खरोखरच अधिक होतो. तरीही मूळ मुद्दा शिल्लक राहतो. मुलाला मात्र हे कोणी सांगत नाही. त्याच्या कानावर रोज पडते ते नावच, म्हणून दोष आपल्या देहातच आहे असे ते धरून चालते. छळ आणि देहप्रतिमा यांची गाठ इथे पडते.

ही गाठ किती लवकर पडू शकते? २००६ मध्ये इंग्लंडमध्ये हेल्गा डिट्मार आणि सहकाऱ्यांनी ५ ते ८ वर्षांच्या मुलींना चित्रपुस्तके दाखवली. ज्यांच्या पुस्तकात सडपातळ बार्बी होती, त्या लहान मुलींत स्वतःच्या शरीराविषयीची नाराजी लगेच वाढलेली दिसली. येथे शब्द जपून वापरणे आवश्यक आहे. नाराजी म्हणजे विकार नव्हे. इतक्या लहान वयात अॅनोरेक्झिया विरळा आढळतो, आणि मूल जेवत नसेल तर त्याचे कारण दरवेळी देहप्रतिमा असते असेही नाही. परंतु टिकून राहिलेली नाराजी पुढील विकारांची जोखीम वाढवते, हे अनेक दीर्घकालीन अभ्यासांनी दाखवले आहे.

भारतात हा प्रश्न बराच काळ परका मानला गेला. ज्या देशात कृशता म्हणजे भूक, तेथे कृश होण्याचा ध्यास कोण धरील, असा तर्क होता. १९८९ मध्ये मायकेल किंग आणि दिनेश भुग्रा यांनी उत्तर भारतातील शाळकरी मुलींना पाश्चात्त्य प्रश्नावली दिली तेव्हा गुण बरेच चढे आले. पण उपासतापासांच्या परंपरेत वाढलेल्या मुलींनी काही प्रश्नांचा अर्थच वेगळा लावला असावा, असा इशारा त्यांनी दिला. १९९५ मध्ये खांडेलवाल, शरण आणि सक्सेना यांनी पाच तरुणींचे वर्णन केले: त्या अन्न टाळत होत्या, परंतु पाठ्यपुस्तकातील देहप्रतिमेची विकृती त्यांच्यात नव्हती. २०१२ मध्ये बंगळूरच्या मनोविकारतज्ज्ञांची पाहणी झाली तेव्हा सुमारे दोन तृतीयांश तज्ज्ञांनी असा किमान एक रुग्ण पाहिला होता. चित्र बदलत होते, किंवा पाहणारी नजर बदलत होती, बहुधा दोन्ही.

भारतीय मुलाच्या देहावरचा ताण दुहेरी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ या काळात, पाच वर्षांखालील ३५.५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आणि ३.४ टक्के मुले स्थूल आढळली. एकाच वर्गात 'सुकडा' आणि 'ढोल्या' शेजारी बसतात आणि दोघांनाही नावे ठेवली जातात. शिवाय रंगाचा प्रश्न आहेच. 'फेअर अँड लव्हली' १९७५ मध्ये बाजारात आली आणि तिच्या नावातून 'फेअर' हा शब्द जायला २०२० उजाडावे लागले. त्याच वर्षी जूनमध्ये पश्चिम बंगालमधील एका शाळेच्या पूर्वप्राथमिक वर्गातील पुस्तकात 'यू' या अक्षरासाठी 'अग्ली' हा शब्द आणि त्याशेजारी सावळ्या मुलाचे चित्र आढळले. दोन शिक्षिकांना निलंबित करण्यात आले. महाराष्ट्रातही २०१७ मध्ये बारावीच्या समाजशास्त्राच्या पुस्तकात, मुलगी कुरूप असेल तर हुंडा अधिक मागितला जातो असे विधान सापडले आणि गदारोळानंतर ते वगळावे लागले. नावे ठेवणारे नेहमी वर्गमित्रच असतात असे नाही. कधी पुस्तकही असते.

कायद्याने काही पावले टाकली. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने शाळेतील शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१५ मध्ये आपल्या शाळांना छळविरोधी समित्या नेमण्यास सांगितले. पण कोणता उपाय खरोखर लागू पडतो, याचे उत्तर परिपत्रकातून मिळत नाही. ते मिळाले बिहारच्या नालंदा जिल्ह्यात. गोव्यात स्थापन झालेल्या 'संगाथ' या संस्थेने तेथील ७४ सरकारी शाळांत 'सेहेर' हा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. काही शाळांत एक प्रशिक्षित, पण मानसोपचाराची पदवी नसलेला समुपदेशक नेमला होता. काही शाळांत तेच काम शिक्षकाकडे दिले होते. जेथे समुपदेशक होता तेथे शाळेचे वातावरण सुधारले, छळ आणि नैराश्य कमी झाले. जेथे शिक्षकावर हे जादा ओझे टाकले होते तेथे फरक पडला नाही. २०२३ मध्ये दिल्लीतील शाळांत ११ ते १४ वर्षांच्या मुलामुलींवर झालेल्या देहप्रतिमेच्या अभ्यासक्रमाचेही चांगले परिणाम प्रसिद्ध झाले. तो अभ्यासक्रम 'डव्ह' या ब्रँडच्या नावाने चालतो. 'डव्ह' आणि 'फेअर अँड लव्हली' या दोन्हींची मालकी एकाच उद्योगसमूहाकडे होती, हे या इतिहासातील एक बोलके टिपण.

मात्र 'सेहेर' नववीच्या मुलांसाठी होता आणि दिल्लीचा प्रयोग अकराव्या वर्षानंतरचा. २००७ च्या त्या छोट्या निबंधातील मुले ८ वर्षांची होती. क्लार्क दांपत्याच्या प्रयोगातील मुले ३ वर्षांची. प्रौढांपासून उतरत आलेले हे शास्त्र निदानापुरते बालवाडीच्या दारापर्यंत पोहोचले आहे. उपाय मात्र अजून माध्यमिक शाळेच्या जिन्यातच थांबला आहे. उरलेल्या पायऱ्या उतरणे हे पुढच्या पिढीच्या संशोधकांचे काम आहे. तोवर, शाळेच्या वेळेला पोट दुखते म्हणणाऱ्या मुलाला घरच्यांनी एक प्रश्न विचारायला हरकत नाही: तुला वर्गात कोणत्या नावाने हाक मारतात?