ऋतुचक्र आणि रोगराई

रोगराईचे मूळ काळाच्या विपर्यासात शोधण्याची दृष्टी पुरातन आहे. चरकसंहितेत, गंगातीरी कांपिल्य येथे, आत्रेय पुनर्वसू अग्निवेशाला सांगतात, की वायू, जल, देश आणि काल दूषित झाले म्हणजे भिन्न प्रकृतीची माणसेही एकाच वेळी रोगाला बळी पडतात. चीनमध्ये इ. स. ७६२ च्या सुमारास वांग बिंगने संपादिलेल्या वैद्यकग्रंथात तर साठ वर्षांच्या चक्रावर रोगांचे भाकीत बांधलेले आढळते. गणित मोहक खरे. पण पाऊस पंचांगाचा बांधील नसतो. १९०८ साली पंजाबात अतिवृष्टीनंतर हिवतापाने लाखोंचा बळी घेतला. पावसाच्या जोडीला धान्याची महागाईही कारण होती, हे क्रिस्टोफर्स यांनी १९११ मध्ये दाखविले. कांपिल्याच्याच उत्तर प्रदेशात, नोएडा येथे, आज मध्यम पल्ल्याच्या हवामान-अंदाजाचे राष्ट्रीय केंद्र आहे. पावसाची वर्दी ते देईल. कोठारात धान्य राखणे मात्र माणसाच्याच हाती आहे.